पितों दे नेजवर जाणाऱ्या मंडळींस

मे महिना सरून जून लागला की आपल्या मंडळांत आणि बैठकांत एक बेत हमखास शिजू लागतो. शेजारच्या रेयूनियों बेटावर जायचे, सिलाओसला मुक्काम करायचा आणि पितों दे नेजच्या माथ्यावरून सूर्योदय पाहायचा. विमानाने पाऊण तासाचा प्रवास, भाषा ओळखीची, जेवण जवळपास आपलेच. तरुण मंडळी उत्साहाने नावे देतात, एखादी मामी किंवा काकाही 'आम्हांला काय झाले' म्हणून पुढे येतात, आणि पंधरा-वीस जणांची यादी एका संध्याकाळी तयार होते. बेत उत्तम आहे. आपली मुले समुद्रकिनारा आणि मॉल सोडून डोंगराकडे वळत असतील तर आम्ही त्यांना अडवणारे कोण? परंतु ही यादी ज्या रीतीने तयार होते आणि मंडळी ज्या तयारीने निघतात, ती रीत आम्हांला पसंत नाही. ते स्पष्ट सांगावे म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट उंचीची. आपल्या बेटावरचे सर्वांत उंच शिखर पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार, ८२८ मीटर. पीटर बोथ आणि ल पूस त्याहून थोडे ठेंगणे. पितों दे नेज आहे ३,०७० मीटर, हिंदी महासागरातल्या सगळ्या बेटांत उंच. सिलाओसच्या वर ल ब्लॉक नावाच्या जागी मोटार सोडून चालायला सुरुवात करतात, ती जागाच साधारण १,३५० मीटरवर आहे. म्हणजे आपले सर्वोच्च शिखर जिथे संपते त्याच्याही पाचशे मीटर वर ही वाट सुरू होते, आणि तिथून आणखी सतराशे मीटर चढायचे असते. ज्यांचे आजे-पणजे सह्याद्रीच्या पायथ्याहून आले त्यांच्यासाठी सांगायचे तर सह्याद्रीचा मुकुट म्हणजे कळसूबाई, तीही १,६४६ मीटरच. ल पूसवर रविवारी सकाळी चढून दुपारी डालपुरी खायला घरी परतणाऱ्याने 'डोंगर तो डोंगरच' असे समजणे म्हणजे ओढा ओलांडला म्हणून समुद्र पोहता येईल असे मानणे होय.

दुसरी गोष्ट थंडीची, आणि इथे आपले मराठी संस्कारच आपल्याला थोडे फसवतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत, सणवारांत, आजीच्या बोलण्यात थंडी पौष-माघात पडते. तिळगुळाचा सण थंडीचा, आषाढ पावसाचा. प्रत्यक्षात आपण मकरवृत्ताजवळ, विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहतो. संक्रांतीला आपण घामाघूम होऊन वादळाच्या बातम्या ऐकतो आणि वटपौर्णिमा येते ती हिवाळ्याच्या तोंडावर. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण अंगवळणी पडलेले नाही. त्यातही हिवाळ्याचा आरंभ हा फसवा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये क्युरपिप-वाक्वाकडे सगळेच ट्रिको घालून हिंडतात, तेव्हा डोंगरावर जाणाराही आपोआप गरम कपडे भरतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फ्लिक-आँ-फ्लाकला लोक समुद्रात डुंबत असतात. तिथून निघालेल्या मुलाच्या पिशवीत जाड कपडा येणार कुठून? शरीरालाही थंडीची सवय झालेली नसते. उन्हाळ्यातल्या पावसाने भिजलेली वाट वरच्या भागात अजून निसरडी असते. आणि रात्र तर वर्षातली सर्वांत मोठी असते. एकवीस जूनच्या सुमारास तिकडे पावणेसहाला सूर्य मावळतो तो दुसऱ्या दिवशी जवळजवळ सातलाच उगवतो.

साधा हिशोब करून पाहावा. दर शंभर मीटर वर गेले की हवा सरासरी अर्ध्या अंशाहून थोडी अधिक थंड होते. किनाऱ्यावर पहाटे वीस अंश असतील तर तीन हजार मीटरवर दोन-एक अंश उरतात. आकाश निरभ्र असेल तर जमीन त्याहूनही थंड पडते, आणि पहाटे दगडांवरचे दव गोठून काचेसारखा पातळ थर तयार होतो. शिखराच्या नावात बर्फ आहे. खरा बर्फ तिथे फार क्वचित पडतो, पण हा काचेचा थर मात्र हिवाळ्यात नवलाचा नव्हे. वर आग्नेयेचा वारा. शून्य अंशावर ताशी चाळीस किलोमीटरचा वारा असला तर उघड्या चेहऱ्याला आणि बोटांना ती थंडी उणे सात अंशांसारखी लागते. आमच्या बेटावर जन्मलेल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी उणे सात अंश अनुभवले आहेत? फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हात घालणे एवढाच आपला अनुभव.

आता मंडळी काय घालून जातात ते पाहा. आम्ही त्या वाटेवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. पायात बाजारातले गुळगुळीत तळव्याचे बूट, अंगात सुती गंजीफ्रॉक, वर सुती टोपीवाला ट्रिको, खाली जीन्स. सगळे सुती. सुताइतका आपल्या हवेत सुखाचा कपडा दुसरा नाही, आणि डोंगरावर त्याच्याइतका दगाबाजही नाही. चढताना घाम येतो, सूत तो पिऊन घेते, आणि थांबल्याबरोबर ते ओले सूत अंगाची ऊब ओढून घेऊ लागते. सुटकेच्या तुकड्या ज्यांना उचलून आणतात त्यांना थंडी बाधायला बर्फ लागतोच असे नाही. पाच-सात अंश, ओला कपडा आणि वारा एवढे पुरते.

गंमत अशी की आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते. कोकणातला शेतकरी आषाढाच्या पावसात शेतावर जाई तो घोंगडी घेऊन आणि वर पानांचे इरले घालून. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, म्हणून आत घोंगडी. पाऊस आणि वारा अडवायला बाहेर इरले. आज डोंगरावर चढणारे जाणकार जे सांगतात ते हेच : अंगाला चिकटून घाम न धरणारा पातळ कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा कपडा, त्यावर ऊब धरणारा जाड कपडा, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. चढताना मधला कपडा काढून पिशवीत ठेवायचा, थांबायच्या आधी घालायचा. थांबल्यावर थंडी वाजली म्हणून नव्हे, थांबायच्या आधी. कानटोपी, हातमोजे आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड यांना तर पर्याय नाही. कोरडे मोजे आणि रात्री घालायचा एक कोरडा कपडा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावा. पिशवी जलरोधक आहे असे दुकानदार म्हणतो, त्यावर विसंबू नये.

'पण एवढे सामान एका सहलीसाठी विकत कोण घेणार?' हा प्रश्न आम्हांला दरवेळी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. आपल्या उष्ण बेटावर असले जाकीट वर्षातून दोन दिवस वापरले जाणार. चार मुलांच्या घराला तो खर्च जड आहे. यावर आमची सूचना अशी की हे सामान घराघराने न घेता मंडळाने घ्यावे. गणेशोत्सवाच्या मखराचे सामान, सतरंज्या, मोठी पातेली आपण मंडळाच्या खोलीत ठेवतोच की नाही? तशीच एक पेटी करावी. वीस जाकिटे, वीस कपाळाला बांधायचे दिवे, हातमोजे, काही हातकाठ्या, चंदेरी पातळ आपत्कालीन पांघरुणे, एक औषधांची पेटी. दरवर्षी थोडे थोडे घेतले तरी तीन वर्षांत पेटी भरेल, आणि गरिबाघरचा मुलगा 'माझ्याकडे नाही' म्हणून मागे राहणार नाही किंवा, त्याहून वाईट, नसताना तसाच पुढे जाणार नाही. मखरावर एका वर्षी जो खर्च होतो त्यातला थोडा भाग इकडे वळवला तर गणपतीबाप्पा रागावेल असे आम्हांला वाटत नाही.

चालण्याची तयारी मात्र पेटीतून निघत नाही. ती निदान दहा-बारा आठवडे आधी सुरू व्हावी, म्हणजे मार्चच्या मध्यापासून. वारीला जाणारा माणूस आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी चालायला शिकत नाही. आपल्याकडे डोंगर लहान असले तरी सरावाला पुरेसे आहेत, फक्त योग्य बाजूने चढायला हवे. पेतित रिव्हिएर न्वार शिखरावर प्लेन शांपान्यच्या रस्त्यावरून गेले तर चढ थोडाच, कारण मोटारीनेच बराच भाग वर आणलेला असतो. त्याऐवजी ब्लॅक रिव्हरच्या खोऱ्याच्या तळापासून प्लेन शांपान्यपर्यंत पायी चढावे आणि पायीच उतरावे. पाठीवर सहा-सात किलोचे ओझे घेऊन हे करावे. मोकाकडून ल पूस एका सकाळी दोनदा करावा. कोर द गार्दला संध्याकाळी जाऊन दिव्याच्या उजेडात उतरून पाहावे, कारण पितों दे नेजचा शेवटचा टप्पा बहुतेक जण अंधारात चढतात आणि दिव्याच्या गोल उजेडात पाय टाकणे ही वेगळीच विद्या आहे. अर्थात हे गटाने आणि वाट माहीत असलेल्या माणसाबरोबर.

उतरण्याचा सराव विशेष. सगळे चढाची भीती धरतात, पण गुडघे जातात ते उतारावर. ल ब्लॉककडे परतताना सतराशे मीटर खाली यायचे असते, आणि त्यातला बराचसा भाग दगडी आणि लाकडी पायऱ्यांचा. त्या पायऱ्या माणसाच्या मापाने केलेल्या नाहीत असे आमचे ठाम मत झाले आहे. पायाच्या नखांना बुटाची धडक बसते, म्हणून नखे आधी कापावीत, बूट अर्धा अंगठा मोठे असावेत आणि निदान महिनाभर वापरलेले असावेत. नवा बूट घालून आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी चपला हातात घेऊन नव्हे, पायात घालून उतरताना आम्ही पाहिला आहे. त्या सावात घालून त्याने निसरड्या वाटेवर काय काय केले ते त्याच्या आईने वाचू नये म्हणून इथे लिहीत नाही.

आता ज्या मुद्द्यावर आमच्याशी बरेच जण भांडतील त्याकडे येतो. रीत अशी आहे की पहिल्या दिवशी तीन-चार तास चढून २,४७८ मीटरवरच्या काव्हेर्न द्युफूरच्या झीतमध्ये मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीन-साडेतीनला उठून शिखराकडे निघायचे. (झीतची जागा महिनोन् महिने आधी भरते, आणि ते उघडे आहे की नाही हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे.) पुढचा सहाशे मीटरचा चढ दीड-दोन तासांचा. म्हणजे उत्साही मंडळी साडेपाचलाच माथ्यावर पोहोचतात, घामाने भिजलेली, आणि उघड्या खडकावर वाऱ्यात तास-सव्वा तास सूर्याची वाट पाहत उभी राहतात. संपूर्ण दोन दिवसांतला सर्वांत धोक्याचा तास हाच, आणि तो आपण हौसेने विकत घेतलेला असतो.

आमचे म्हणणे असे की सूर्योदय शिखरावरच पाहिला पाहिजे हा हट्ट सोडावा. मंडळाने लहान मुले, पन्नाशीच्या पुढचे किंवा नवखे लोक नेले असतील तर साडेपाचनंतर, थोडे खाऊन, गरम चहा पिऊन निघावे. उजाडेल तेव्हा ही मंडळी निम्म्या वाटेवर असतील. सूर्य तिथूनही तोच दिसतो. झुडपांचा पट्टा संपून उघडा लाव्हा लागतो, पायाखाली सुटी खडी येते, आणि खडकांवरच्या रंगाच्या खुणा शोधत जावे लागते. नेमका हा भाग उजेडात पार पडतो. साडेसात-आठला माथ्यावर पोहोचले तरी ढग अजून खाली असतात. हिवाळ्यात व्यापारी वारे ढगांना सहसा दोन-अडीच हजार मीटरच्या खाली दाबून धरतात, म्हणून सकाळी पांढऱ्या समुद्रातून आपण वर निघाल्यासारखे वाटते. उन्हे तापली की दहाच्या सुमारास ढग वर सरकू लागतात. तेव्हा आठला पोहोचून साडेआठला उतरायला लागणाऱ्याला दृश्यही मिळते आणि बोटेही शाबूत राहतात. फोटोत आकाश जरा कमी लाल येईल, एवढे नुकसान आहे खरे.

कोणी म्हणेल, मग मजा काय राहिली? आम्ही विचारतो, मजा कुणाची? जो पुढे धावतो त्याची, की जी मावशी मागे राहून अंधारात एकटी ठेचकाळते तिची? पंधरा जणांच्या गटात पुढचा आणि मागचा यांच्यात तासाभराचे अंतर पडते आणि दिवे दोन वळणांत दिसेनासे होतात. म्हणून गटाचा एक प्रमुख आधीच नेमावा, एक भरवशाचा माणूस सर्वांत शेवटी चालावा आणि 'आता परत' हा प्रमुखाचा शब्द अखेरचा मानावा. आपल्याकडे अडचण अशी येते की प्रमुख असतो पंचवीस वर्षांचा आणि गटात असतात त्याचे काका. काकांना 'तुम्ही झीतवरच थांबा' असे सांगायला त्याची जीभ रेटत नाही. ही भीड निघण्यापूर्वीच, मंडळाच्या सभेत, सगळ्यांसमक्ष मोडली पाहिजे. वडीलधाऱ्यांनी स्वतःच उठून सांगावे की डोंगरावर या मुलाचे आम्ही ऐकू. त्याने त्यांचा मान कमी होत नाही.

प्रकृतीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण आपल्या बेटावर दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे आणि आपली घरे त्याला अपवाद नाहीत. मधुमेह्याने डोंगरावर जाऊच नये असे मुळीच नाही, पण डॉक्टरांना विचारून, औषधाची मात्रा आणि खाण्याच्या वेळा ठरवून जावे. इन्सुलिन गोठले की निकामी होते. ते पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अंगालगतच्या खिशात ठेवावे. साखर मोजण्याचे यंत्रही थंडीत चुकते किंवा बंद पडते, तेही तिथेच. ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांना फोड आलेला कळतच नाही, त्यांनी दर थांब्यावर मोजे काढून पाहावे. थरथर आणि घाम हे साखर उतरल्याचे लक्षण असते आणि थरथर हेच थंडी बाधल्याचेही. बरोबरच्या माणसाला दोन्ही ठाऊक असली पाहिजेत. दमेकऱ्याला कोरडी थंड हवा सोसत नाही, त्याचा पंप खिशात हवा. उंचीमुळे हवेचा दाब माथ्यावर समुद्रकाठापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी असतो. काहींचे डोके दुखते, मळमळते. त्यावर उपाय एकच, खाली उतरणे. डोकेदुखीची गोळी घेऊन वर रेटणे हा उपाय नव्हे.

थंडी बाधली हे ओळखायचे कसे? आधी दात वाजतात, मग बोटांनी साधी झिप लावता येत नाही, मग बोबडी वळते, माणूस अडखळतो, चिडतो किंवा उगाच गप्प होतो. आणि थरथर आपोआप थांबली तर 'बरे वाटते आहे' असे मुळीच समजू नये. तेव्हाच जिवाला खरा धोका असतो. वाऱ्याआड न्यावे, ओले काढून कोरडे घालावे, डोके-मान झाकावी, शुद्धीवर असेल तर गोड गरम प्यायला द्यावे, हातपाय चोळू नयेत आणि ११२ ला फोन करावा. पर्वतीय पोलिसांचे पथक तिकडे तरबेज आहे, हेलिकॉप्टरने माणसे उचलतात. पण ढगात हेलिकॉप्टर उडत नाही आणि फोनला सर्वत्र तार लागत नाही. ज्यांच्या भरवशावर आपण निष्काळजी होतो ते दोघेही नेमके वाईट हवेत गैरहजर असतात.

आणि रमबद्दल. झीतमध्ये संध्याकाळी रूगाय-भाताबरोबर रम आरांजेची बाटली फिरते, आणि 'थंडीत दोन घोट हवेतच' हे वाक्य आमच्या कानांवर दरवेळी पडते. दारूने अंगाला ऊब आल्यासारखी वाटते ती कातडीकडे रक्त धावते म्हणून. आतली ऊब त्यामुळे बाहेर निघून जाते. ज्याला पहाटे चढायचे आहे त्याने सिलाओसला परतेपर्यंत धीर धरावा. तिथे त्या मसुरीच्या आमटीबरोबर काय घ्यायचे ते घ्यावे, आमची हरकत नाही.

शेवटचा मुद्दा तिकिटाचा. बहुतेक गट शुक्रवारी जाऊन रविवारी संध्याकाळच्या विमानाने परततात. शनिवारी चढ, रविवारी सकाळी शिखर, दुपारी चारशे वळणांचा सिलाओसचा रस्ता आणि संध्याकाळी विमान. यात पावसाला जागा नाही, मुरगळलेल्या पायाला जागा नाही, आणि 'आज वारा फार आहे, उद्या जाऊ' म्हणायला तर नाहीच नाही. वर वाईट हवेत रेटणारा माणूस बहुधा शूर नसतो, त्याचे तिकीट काढलेले असते. म्हणून एक दिवस जास्तीचा धरावा, त्याचा खर्च वर्गणीत आधीच मिळवावा, आणि ज्यांना सोमवारी रजा मिळत नसेल त्यांनी दुसरी सहल निवडावी. हवा चांगली निघाली तर तो दिवस सिलाओसमध्ये काढता येतो. तिथल्या बायकांचे जाळीदार भरतकाम प्रसिद्ध आहे, आपल्या भगिनींना ते पाहायला आवडेल.

यंदा ज्या मंडळांनी जूनची यादी केली असेल त्यांनी पुढच्या रविवारी सगळ्यांना बूट-पिशवीसह एकदा ल पूसच्या पायथ्याशी बोलवावे आणि प्रत्येकाची पिशवी तिथे उघडून पाहावी. मुलींना घरचे सोडत नाहीत अशी तक्रार काही ठिकाणांहून येते. पिशवी तपासायला आई-वडिलांनाही बोलवा, नीट बांधलेली पिशवी आणि ठरलेला प्रमुख पाहिला की त्यांची निम्मी काळजी तिथेच मिटते. आणि पेटीसाठी जुनी पण धड लोकरी जाकिटे कुणाच्या कपाटात पडून असतील, विशेषतः ज्यांची मुले फ्रान्स-इंग्लंडहून शिकून परतली त्यांच्या, तर ती आपापल्या मंडळाच्या चिटणिसांकडे या महिन्यातच पोहोचवावीत.